ताई पित्त म्हणाली, रॅश म्हणाली नाही

माझी मोठी बहीण गेली ती माझ्यामुळे. कुणी तसं म्हणत नाही. म्हटलं असतं तर निदान भांडले तरी असते.

जयनगरच्या आमच्या ऑफिसात आम्ही चिनी डॉक्टरांच्या संशोधनाचं इंग्रजी सुधारतो. अकरा वर्षं मी हेच करतेय. तिकडच्या इस्पितळांतून निबंध येतात, कधी यकृतावरचे, कधी जनुकांवरचे, कधी कुठल्या खेड्यातल्या पाण्यावरचे. मी क्रियापदं ठिकाणावर आणायची आणि परत पाठवायचे. "आदरणीय शिक्षिका" अशी सुरुवात करून ते आभाराचं पत्र लिहितात. ताईला त्याची फार गंमत वाटायची. "या, शिक्षिकाबाई! चीन सुधारला का? मग आता ही कोथिंबीर निवडा," असं दारातच ऐकवायची.

भाऊजी गेल्यावर ती साताऱ्याहून इकडे कानडी मुलखात, बसवनगुडीला माझ्याकडे राहायला आली. मी एकटी, तीही एकटी, दोघी भांडायला मोकळ्या. भाजीवाल्याशी घासाघीस करताना "स्वल्प कम्मी माडी, अण्णा" म्हणण्याइतकं कानडी तिला आठ दिवसांत आलं. मला अजून येत नाही.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या गालात कळा यायला लागल्या. घास चावला की अशी कळ जायची की बाई ताटावरून उठायची. डॉक्टरांनी शिरेचं दुखणं म्हणून फिट येणाऱ्यांना देतात ती गोळी दिली. "रॅश आला तर गोळी बंद करून लगेच या," असं हिंदीत दोनदा बजावलं. ताईनं मान डोलावली. मीही डोलावली.

आणि ती गोळी मला काय नवी होती? चिनी रुग्णांवरचे कितीतरी निबंध माझ्या हाताखालून गेलेत. ज्यांच्यात अमुक एक जनुक असतं त्यांची कातडी या गोळीनं भाजल्यासारखी सोलून निघू शकते, म्हणून गोळी देण्याआधी रक्त तपासा, हेच सगळ्यांचं सांगणं. चिठ्ठीवर नाव वाचताना मला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण अशा प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक वाक्य असतं, नसलं तर मी घालायला लावते: हे निष्कर्ष इतर लोकसमूहांना लागू होतीलच असं नाही. वाक्य बरोबरच आहे. फक्त इतक्या वेळा लिहून माझ्या डोक्यात ते "लागू होत नाहीत" असंच बसलं होतं. ती चिन्यांची भानगड, आपल्याला काय त्याचं! चार दिवसांत ताई भाकरी चावून खायला लागली आणि मी खूश झाले.

दोनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, तिचा ऑफिसात फोन आला. "अगं, अंगावर पित्त उठलंय. जरा कणकणही वाटतेय."

मला तीन वाजेपर्यंत एक निबंध द्यायचा होता. "मग आमसुलाचं पाणी लाव आणि पडून राहा," मी खेकसले. "आणि गोळी चुकवू नकोस हं, नाहीतर बसशील पुन्हा गाल धरून."

"सरी, बाईसाहेब," असा कानडीत होकार भरून तिनं फोन ठेवला.

ती "रॅश" म्हणाली असती तर मी हातातलं टाकून धावले असते, असं मी स्वतःला सांगत असते. तो शब्द मी दिवसातून दहा वेळा तपासते. पण आमच्या घरात अंगावर काहीही उठलं की ते पित्तच. पित्ताला आमसूल लावायचं, आणि वर "काय अरबटचरबट खाल्लंस?" म्हणून विचारायचं. पित्तासाठी कधी कुणी डॉक्टर गाठलाय? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारखीलाच.

माझ्या शब्दाखातर तिनं आणखी दोन दिवस गोळी घेतली. गुरुवारी सकाळी तिचे ओठ सुजले होते, डोळे लालभडक झाले होते, चहाचा घोट गिळवत नव्हता. ब्लाउज काढायला मदत करत होते, तर दंडावरची कातडी बाहीबरोबर निघून आली. त्या क्षणी मला सगळं कळलं. सगळं, अगदी इंग्रजीत, परिच्छेदासकट.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्याकडेही होतं हे, ते जनुक असो नाहीतर नसो. अंगावर उठलं त्याच दिवशी गोळी थांबवली असती तर, असं म्हणून त्या थांबल्या. लोकांची अर्धी वाक्यं पुरी करणं हा माझा धंदा. ते वाक्य मी तसंच राहू दिलं.

नऊ दिवस ती भाजलेल्यांच्या वॉर्डात होती. मी रोज बाहेरच्या बाकावर बसून देवाला एवढंच मागत होते, की डोळे गेले तरी चालतील, तिला जगू दे. सातव्या दिवशी तोंड जरा बरं झालं होतं. आत गेले तर डोळे मिटलेलेच, पण पावलावरून तिनं मला ओळखलं.

"रागावणार नाहीस ना?" तिनं विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"नाही गं. बोल."

"त्या सोमवारी देवळातून येताना मिरचीची भजी खाल्ली मी. दोन प्लेट. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही. त्यानंच भडकलं बघ पित्त. माझ्या जिभेपायी तुला इतके दिवस रजा काढावी लागली."

खरं सांगायची वेळ तीच होती. ताई, भज्यांचं काही नाही, मी तुला गोळी घ्यायला लावली, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मी घाबरले. ती त्या अंगानं माझ्याकडे पाठ फिरवेल याला घाबरले.

"माफ कर हं मला," ती म्हणाली.

"केलं माफ," मी म्हणाले. "यापुढे नको खाऊस."