भुईचाफ्याची बाळंतखोली

अक्षर गिचमिड आहे, वेलांट्याही चुकतील. तेवढं सांभाळून घ्या. चौथीनंतर हातात खुरपंच आलं. पण मल्लव्वा आक्का गेल्या आणि त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवेना.

शिमग्याच्या आधी बातमी आली, तेव्हा मी तळ्याकाठच्या बागेत कर्दळीतलं गवत काढत होते. त्यांच्या सुनेचा फोन. "आत्या गेल्या," म्हणाली. शेजारी आक्कांचा भुईचाफ्याचा वाफा होता. वर एक पान नाही, नुसती माती.

बागेच्या कामावर मला आक्कांनीच आणलं. पहिल्या हिवाळ्यात त्या वाफ्यातली पानं पिवळी पडून मातीला मिळाली. मला वाटलं, झाडं मेली. पाणी घालायला गेले, तर आक्कांनी हात धरला. "निजू दे की तिला. बाळंतिणीची खोली हाय ही." आणि बाळंतिणीच्या दाराला लावतात तसा कडुलिंबाचा डहाळा त्यांनी वाफ्याच्या कोपऱ्यात खोचला.

"मग बाळ कुटाय, आक्का?"

"येतंय. तुझ्यागत लाजरं हाय, उशिरा तोंड दावतंय."

ऊन तापलं, तळ्याचं पाणी काठापासून मागं सरलं. आणि एका सकाळी त्या कोरड्या मातीत फुलं! देठ नाही, पान नाही. पांढरी-जांभळी फुलं थेट भुईवर उघडलेली, आणि काय तो वास. मी नकळत चप्पल काढली. आक्काही हात जोडून उभ्या होत्या. इतकी वर्षं पाहूनही दरवर्षी त्यांचे डोळे तसेच मोठे व्हायचे.

आक्का गेल्यावर आठवड्यानं बागेचे मुकादम आले. "ही जागा रिकामी पडलीय. खणून झेंडू लावा."

त्यांच्यापुढं मी 'व्हय' सोडून कधी काही बोलले नव्हते. मी डहाळ्याकडं बोट दाखवलं. "रिकामी न्हाय, दादा. बाळंतीण हाय आत."

"काय?"

"पाडव्यापतूर थांबा. न्हाय उगवली तर मीच खणते."

ते हसले, पण थांबले.

पाडव्याला माती तशीच होती. वाळलेला डहाळा काढून मी ताजा खोचला. आक्का नाहीत, तर ती कुणासाठी येईल... दुसऱ्या दिवशी बोलल्याप्रमाणे खुरपं घेऊन गेले. लिंबाच्या डहाळ्याजवळ एक फूल उघडलं होतं.

मुकादम आले, वाकले, बराच वेळ पाहत राहिले. मग बाळ निजलेल्या घरात बोलतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "आजून किती हायत आत?"