मालकाच्या देवासमोर

मूल राहू नये म्हणून बसवायचा लूप नुकताच निघाला होता तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याला एका जिनिंग फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स होते. मालक देवभोळे. फॅक्टरीतल्या बाळंतिणींना घरचं तूप पाठवायचे, पण मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलं थांबवायचा विषय माझ्या आवारात नको. जीव देणारा तो. अडवणारे आपण कोण?"

रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणारी एक बाई पाचव्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. तिनंच विचारलं, "आता राह्यलं तं मी जगत नाई. कायी उपाय हाये का?"

सरकारी दवाखान्यात लूप बसवतात, असं मी तिला हळूच सांगितलं, तर ती माझ्याकडेच टक लावून पाहू लागली.

"लूप काळजापोतर चढते म्हनतात. अन् तुमी मालकाचं खाता, मंग मले कावून सांगून राहिल्या? माह्यं काम घालवाचं हाये का?"

तिचा विश्वास बसावा म्हणून रविवारी मीच सोबत गेले. जाताना वेगवेगळ्या रस्त्यांनी गेलो, दवाखान्याच्या दारात भेटलो आणि तिनं लूप बसवून घेतला. तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नव्हतं.

तरी आठवड्याच्या आत मालकांपर्यंत गेलंच. आया चहा द्यायला आली की मी तिचा चेहरा वाचू लागले. कंपाउंडर माझ्याशी जास्तच गोड बोलतोय असं वाटायचं. त्या नवऱ्यावरही माझा संशय होता. दवाखान्यात मी कामापुरतंच बोलू लागले.

मालकांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांच्या गादीमागे देवाची तसबीर होती.

"हिला कोणी पाठवलं?"

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "कोनी नाई. माही मी गेलती. मराचं मले होतं मालक, तुमाले नाई."

मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही देवासमोर सांगा."

"मी पाठवलं. सोबतही गेले. रविवार होता, ड्यूटी नव्हती."

ते रागावले नाहीत, दुखावल्यासारखे दिसले. "हिच्या पोटावर मी पाय देणार नाही," ते म्हणाले, "पण या पापाला माझा पगार लागायला नको. तुम्ही दुसरीकडे बघा."

अमरावतीला निघाले त्या दिवशी ती स्टेशनवर आली. चिडलेली होती.

"म्या निभावलं होतं ना? मंग तुमी कावून कबूल झाल्या?"

"देवासमोर खोटं बोलवेना."

"मंग तुमी अन् मालक सारकेच," ती म्हणाली, आणि पदरातल्या भाकरी माझ्या हातात कोंबल्या.

तिला पुढे मूल झालं नाही. धाकटीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला ती खास अमरावतीला आली होती. बातमी कोणी फोडली, ते तिलाही कधी कळलं नाही. तिचा संशय आयावर, माझा अजून कंपाउंडरवर.