एका दमात वाजवलेलं मिक्स

घरमालकांचा मुलगा डीजे आहे, हे खोली घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. भूगावच्या पुढे रस्त्याला लागून त्यांची जमीन होती. तिचा एक तुकडा बिल्डरला गेला आणि घरावर मजला चढला. त्या मजल्यावरच्या एका खोलीत मी राहायला आले. सामान लावून होतंय तोवर खालच्या पडवीतून असा बेस सुरू झाला की खिडकीची काच थरथरायला लागली.

मी मूळची परभणीची. पिरंगुटच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते, कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढायचे. सरावासाठी एक जुना कॉम्प्युटर खोलीवरही ठेवला होता. तो जिन्यातून वर नेताना मुलानं पाहिला असणार, कारण काही दिवसांतच तो डीजेचा एक नवाकोरा कंट्रोलर काखेत धरून दारात उभा राहिला.

"ताई, हे जोडून द्याल का? दुकानदार म्हनला, कॉम्प्युटरशिवाय चालत न्हाई."

दोन्ही बाजूंना गोल नॉब, मधे सरकत्या पट्ट्या. त्याच्यातून आवाज येत नाही. आवाज कॉम्प्युटरचा, हात तेवढा आपला, आणि तो हातच रेकॉर्ड होतो. पडद्यावर गाण्याच्या लाटांखाली एक बारीक रेघ उमटते. आवाज वाढवला की ती चढते, बेस कापला की उतरते. मागाहून ती माउसनं पकडून हवी तशी वळवता येते. याला ऑटोमेशन म्हणतात, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं.

कुठल्या गाण्यामागे कुठलं गाणं आलं की माणसं खुर्च्या सोडतात, हे त्याला बरोबर कळायचं. ते मला कधीच जमलं नसतं. पण हात उतावळा. नवं गाणं आत घेताना जुन्याचा बेस कापायचं राहून जायचं आणि दोन ढोल एकमेकांवर आदळायचे. वरातीत ते खपून जायचं, रेकॉर्डिंगमध्ये कानाला टोचायचं.

माझी सुट्टी गुरुवारी, आणि लाइटही नेमकी गुरुवारीच जायची. ती आली की तो धावत वर यायचा. दार सताड उघडं ठेवून आम्ही बसायचो. तो वाजवून खाली जायचा आणि मी रेघा नीट करत बसायचे. ऑफिसात मी लोखंडाच्या कडा गोल करत होते, इथंही तेच करत होते. फरक एवढाच की इथं कड गोल झाली की ती ऐकू यायची. एका ठिकाणी त्याचं मनगट पट्टीला लागून आवाज एकदम पडला होता. मी रेघेतला तो चुकीचा खड्डा बुजवला नाही. उलट आणखी खोल केला, क्षणभर पूर्ण शांतता ठेवली आणि मग ढोल सोडला.

त्यानं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, हितं मी असं केलंच न्हवतं."

"मग काढू?"

"न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या. लई भारी वाटतंय." मग आपणहून म्हणाला, "सीडीवर दोघांचीबी नावं टाकू."

मी मागितलं नव्हतं. पण एकदा कुणी म्हटलं की माणूस वाट बघायला लागतं.

सीडीचं प्रकाशन जत्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात झालं. मी काकूंबरोबर, म्हणजे त्याच्या आईबरोबर, बायकांच्या बाजूला बसले होते. स्टेजवर तो काळा गॉगल लावून नॉब फिरवत होता. कंट्रोलरची वायर टेबलाखाली मोकळी लोंबत होती. वाजत होती ती तयार सीडी. ती शांततेची जागा आली, अख्खं मैदान थबकलं आणि ढोल पडल्यावर पोरांनी शिट्ट्यांनी कान बसवले. मांडीवर माझं बोट माउस धरल्यासारखं हललं. मग त्यानं माइक घेतला.

"मंडळी, हे समदं एका दमात वाजिवलंय. कुणाचा हात लागल्याला न्हाई!"

टाळ्या पडल्या. शेजारी काकूही टाळ्या वाजवत होत्या. जिना चढउतार करताना त्यांनी मला माउस धरून बसलेलं कितीदा पाहिलं होतं.

सकाळी कामावर निघताना मी त्याला जिन्यात गाठलं. "काल काय बोललास?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुमचं नाव घेतलं तर लोकं इचारत्याल, ही बाई कोण? कुटं बसून करता? कवा करता?"

"दार उघडं असायचं."

"मला म्हाईत हाय. लोकांना कुटं म्हाईत हाय?"

"आणि सीडीवर?"

"ती तर छापून झाली."

पिरंगुटच्या बाजारात ती मांडलेली मी पाहिली. वर त्याचा फोटो, मागं मिक्सिंग, एडिटिंग, रेकॉर्डिंग, तिन्हीपुढे त्याचंच नाव. नाव न घालूनही लोक बोललेच. पुढच्या महिन्यात काकू वर आल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"पोरी, तुज्यात काय खोट न्हाई. पर आमचं पोरगं लग्नाचं हाय. लोकांची तोंडं कशी धरायची?"

खोली मला सोडावी लागली, आणि त्याला पुढे मांडवात नवरदेव म्हणून मिरवता आलं. निघताना त्यानं कॉम्प्युटर खाली उतरवायला मदत केली. तेवढंच.

मी बावधनला दोघींबरोबर राहायला गेले. कासारसाईला ऑफिसातल्या एकाच्या हळदीला तेच मिक्स वाजत होतं. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलं, "हे मी केलंय." तो हसला. "मॅडम, तुम्ही आणि डीजे!" मी पुढे काही सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर नॉब, रेघ, बेस, सगळं समजावावं लागलं असतं, आणि तरी शेवटी त्यानं हेच विचारलं असतं की मग सीडीवर नाव का नाही. पुन्हा कंट्रोलरला मी हात लावला नाही. ऐकणं मात्र थांबवता येत नाही. कुठंही बेस आदळला की माझं बोट आपसूक हलतं, आणि मला त्या बोटाचा राग येतो.

दोनेक वर्षांनी तो चांदणी चौकात बसस्टॉपवर भेटला. अंगानं सुटला होता. साउंडचा धंदा मोठा झालाय, म्हणाला. एडिटिंगला आता कॉलेजातला एक पोरगा येतो.

"पर ताई, तुमच्या हाताची सर न्हाई त्याला."

आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "हे तेव्हा माइकवर म्हणायचं होतंस."

तो ओशाळं हसला आणि माझ्या ऑफिसात कुणाचं लग्नबिग्न आहे का, असं विचारत खिशातलं कार्ड काढायला लागला. तेवढ्यात पौडकडची बस आली. मी ते कार्ड न घेता चढले.