अनुमोदकाचं मानपत्र

ते मानपत्र मी लिहिलं होतं, हे आधीच कबूल करते. नाहीतर पुढचा सगळा राग खोटा वाटेल.

दूरच्या दोन देशांमधलं युद्ध थांबावं म्हणून आपल्या देशाच्या नेत्यांनी प्रयत्न केले, त्याबद्दल विधानसभेत अभिनंदनाचा ठराव झाला. मी अमरावतीला शिकते, तिथल्या खोलीवर होते. मैत्रिणीच्या मोबाईलवर आम्ही तो पाहिला. सदस्यांनी बाकं वाजवली. आमच्या भागाचे आमदार उठले, "मी या ठरावाला अनुमोदन देतो," म्हणाले आणि बसले. मला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून. युद्ध थांबवायला कोणी धडपडत असेल तर त्याचं कौतुक व्हायलाच हवं. माझा राग त्या ठरावावर नाही. तो पुढे गावात जे झालं त्यावर आहे.

दोन दिवसांनी सरपंचांचा फोन आला. अकोल्याच्या पुढे आमचं गाव.

"आपल्या साहेबायनं अनुमोदन देल्लं, पाह्यलं न? गावात सत्कार ठेवला. तू मराठी घेऊन शिकून राहिली, मानपत्र तूच लिही."

एका वाक्याचा सत्कार, असं मनात आलं. पण मी ते बोलले नाही. मला दुसरंच सुचलं. "काका, लिहिते. पण आमच्या पांदणीचं साहेबांच्या कानावर घालाल का?"

"घालतो न! तू लिही तं खरी."

पांदण म्हणजे गावातून शेतांच्या मधून फाट्यावर जाणारी वाट. फाट्यावर एसटी थांबते. त्याच वाटेने मी दोन वर्षं अकोल्याला कॉलेजात गेले, पंधरा मिनिटांत फाटा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आता धाकटी बहीण बारावीला आहे, सायन्सला. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची शेतं आहेत, त्या दोन चुलतभावांमध्ये धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं. वाट माझ्या धुऱ्यातून जाते, असं दोघंही म्हणतात. दोघांनीही आपापल्या टोकाला बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. तेव्हापासून बहीण नाल्याच्या काठाने वळसा घालून जाते. पाऊण तास. संध्याकाळी येताना अंधार पडतो.

बाबांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारपर्यंत रस्ता झाला तं झाला. नाई तं घरी बसून परीक्षा दे."

"प्रॅक्टिकल घरी होते काय, बाबा?" बहिणीनं विचारलं. बाबांना तिला थांबवायचं नव्हतं. भीती वाटत होती, एवढंच.

म्हणून मी ते मानपत्र जीव ओतून लिहिलं. 'शांततेचे पाईक' लिहिलं, 'समंजस नेतृत्व' लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी एक साधं वाक्य घातलं: 'ज्या शांततेला आपण सभागृहात अनुमोदन दिले, ती आमच्या पांदणीतही नांदावी आणि आमच्या मुलींची वाट मोकळी व्हावी, ही विनंती.' शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली, अकोल्यात उतरले, जठारपेठेतल्या एका दुकानात मजकूर छपाईला दिला. दुकानदाराला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. आमदार यायच्या आधी तासभर वाद चालला, तोही शांततेच्या कार्यक्रमात कोणी कुठं बसायचं यावर. त्या दोन चुलतभावांना सरपंचांनी मुद्दाम बोलावलं होतं. थोरले, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते म्हणाले, "मी साहेबाच्या उजव्या हाताले बसन. नाई तं हा चाललो."

धाकटे काकाजी म्हणाले, "चालला तं जाय! तुह्यासाठी मांडव नाई टाकला."

शेवटी आमदारांची खुर्ची मधोमध ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून दोघांच्या खुर्च्या, आणि ते अंतर एकाने खरोखर वीत लावून मोजलं. लोक हसत होते. मीही हसले. मला वाटलं, दोघं एका मांडवात तर आले.

आमदार आले. शाल, श्रीफळ झालं. गुरुजींनी मानपत्र वाचायला घेतलं. माझे शब्द लाऊडस्पीकरवरून ऐकताना कान गरम झाले. 'समंजस नेतृत्व' आलं, टाळ्या पडल्या. आणि मग गुरुजी एकदम 'आपले विनीत, समस्त ग्रामस्थ' वर गेले. मला वाटलं, चुकून ओळ सुटली. मी उठून मानपत्राच्या फ्रेमपाशी गेले. ओळ तिथं नव्हतीच. तिच्या जागी दोन पांढरी कबुतरं छापली होती.

सरपंच शेजारीच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "सत्काराच्या दिवशी तक्रार बरी दिसत नाई, बाई. म्या दुकानात फोन केला. जागा उरली म्हणून त्यानं कबुतरं टाकली."

"पण काका, तुम्ही कबूल केलं होतं."

"कानावर टाकलं न! पाहाय आता."

आमदार चाळीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "एवढे मोठे देश बोलणीले बसू शकतात, तं गावातले दोन भाऊ काहून नाई? उठा! द्या हात!" आता वाटेचं निघेल, असं वाटलं. आबा उठले, काकाजी उठले. दोघांनी हात मिळवला. मांडव टाळ्यांनी भरून गेला. फोटोवाल्याने "अजून एक, अजून एक" म्हणत तीनदा हात मिळवायला लावला. आमदार घड्याळ पाहत गाडीत बसले. पुढच्या गावात दुसरा सत्कार होता.

वाट हा शब्द कोणीच उच्चारला नाही. मीसुद्धा नाही. गाडीपर्यंत दहा पावलं होती. मी पाचव्या पावलाला थांबले. हे लिहितानाही त्याची लाज वाटते.

सोमवारी सकाळी बहिणीला घेऊन पांदणीवर गेले. काट्या होत्या तशाच. आबा शेतात होते.

"आबा, काल तर हात मिळवला तुम्ही."

"मिळवला न."

"मग ह्या काट्या?"

आबा शांतपणे म्हणाले, "काट्याचं साहेब काही बोललेच नाई. हात द्या म्हणे, देल्ला. अन् पहिले त्यानं काढाव्या. त्याच्या काट्या निंघाल्या का माह्या निंघतीन."

पलीकडच्या टोकाला काकाजींनीही हेच सांगितलं, फक्त नावं उलटी करून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूक त्यांची होतीच. पण हात मिळवायला सांगितला तर त्यांनी हातच मिळवला. ज्यांना याहून जास्त सांगता आलं असतं, ते फोटो झाल्यावर निघून गेले. युद्ध थांबवण्याचं मोल ज्यांना विधानसभेत कळतं, त्यांना बाभळीच्या चार काट्या उचलायला सांगण्याएवढा वेळ नव्हता.

घरी येऊन तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहायला बसले. सवयीने सुरुवात केली, 'आपल्या समंजस नेतृत्वाखाली'. बहीण खांद्यावरून वाचत होती. "ताई, यात चांगले चांगले शब्द नको टाकू. मागच्या वेळी तेवढेच छापले त्यायनं."

मी कागद फाडला. नव्या कागदावर वाट कुठून कुठे जाते, कधीपासून बंद आहे आणि त्यामुळे कोणाचं अडतं, एवढंच लिहिलं. खाली लिहिलं, 'काट्या काढून द्याव्यात.' सोबत हात मिळवल्याचा तो फोटो जोडला. दोघांचा समेट साऱ्या गावासमोर झालाय, मग वाट बंद राहण्याचं कारण काय, असं कोणीतरी त्यांना विचारावं म्हणून.

बाबांनी अर्ज पूर्ण वाचायला लावला. मग वेळ लावून सही केली. पेन परत देताना बहिणीकडे न पाहता म्हणाले, "याचं उत्तर येईस्तोवर नाल्याकडून मी येत जाईन घ्याले. तुह्यी प्रॅक्टिकलची वही भरून ठेव."