बाळकुमच्या गच्चीवरची अँटेना

लग्न होऊन मी ठाण्यात आले, तेव्हा सासरची मंडळी नुकतीच नौपाड्यातून बाळकुमला राहायला गेली होती. भाड्याच्या दोन खोल्या सोडून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवृत्तीच्या पैशांतून तिथे छोटा फ्लॅट घेतला होता. दुमजली इमारत, मागे कोळ्यांची घरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. सासूबाईंना, त्यांना मी आई म्हणायचे, ती जागा मनातून पसंत नव्हती. नौपाड्यात जिना उतरलं की भाजी, डॉक्टर, देऊळ सगळं हाताशी. इथे यायचं म्हटलं की रिक्षावालाही कुरकुर करायचा. आई उघड तक्रार करत नसत, पण नौपाड्याचा विषय दिवसातून दोनदा तरी निघायचाच.

त्यात टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या.

आमचा टीव्ही लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. पहिले काही महिने बाळकुमलाही चित्र बरं यायचं. मग हळूहळू माणसांचे चेहरे पुसट झाले, आवाजात खरखर शिरली. एका रविवारी सकाळी तर पडद्यावर नुसतं पांढरं काहूर माजलं. "तिकडे असं कधी झालं नाही," एवढंच आई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बाबांना ते लागलं. ते चपला घालून अँटेना फिरवायला गच्चीवर गेले.

माझे यजमान कारखान्यात पाळीने कामाला, रविवारीही बहुतेक घरी नसायचे. त्यामुळे टीव्हीसमोर उभं राहून चित्र आलं की नाही ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी बाबांशी "चहा ठेवू का?" यापलीकडे फारसं बोललेच नव्हते. आता मला गॅलरीत जाऊन मान वर करून ओरडायचं होतं.

"आलं का?" वरून आवाज यायचा.

"नाही, बाबा."

"आता?"

"आत्ता जरा... नाही, गेलं परत."

असा अर्धा तास गेला. ऊन चढलं होतं, बाबांचे गुडघे दुखायचे आणि वरून येणारा आवाज थकत चालला होता. मला राहवलं नाही. पडद्यावर दोन माणसं ओळखू येतील एवढं काहीतरी दिसलं आणि मी ओरडले, "आलं, बाबा! छान आलंय!"

बाबा खाली आले. घाम पुसत टीव्हीसमोर उभे राहिले. ते आता काय बोलतील, या विचाराने मी पदराचं टोक चुरगाळत होते.

"हे छान?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"तुम्हाला उन्हात त्रास होत होता म्हणून..."

"अगं, मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवायला लागलो त्या दिवसापासून एकच सांगतोय. जे दिसतं तेच सांगायचं. तू खोटं सांगितलंस तर मला दोष सापडणार कसा?" मग ते हसले. "चहा मात्र ठेव."

संध्याकाळी यजमानांनी एका मित्राकडून बूस्टर आणून लावला. मुंग्या आणखी ठळक झाल्या. बाबा म्हणाले, "जे येतंय तेच तो मोठं करणार. मुळात येतच नाही, त्याला तो काय करील?"

आमच्या मागच्या घरात एक कोळी जोडपं राहायचं. मावशी सकाळी पाटी घेऊन बाजारात जायच्या, काका होडी दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे आमच्यासारखाच टीव्ही होता आणि चित्र स्वच्छ यायचं, ते खिडकीतून दिसे. बाबांनी एक युक्ती काढली. पुढच्या रविवारी बाबांनी आणि यजमानांनी आमचा टीव्ही उचलून त्यांच्या घरी नेला आणि त्यांच्या अँटेनाची वायर लावली. चित्र लख्ख आलं.

"म्हणजे डबा चांगला हाय, मास्तर," काका म्हणाले. "तुमच्या वरच काय तरी सडलंय. चला, बगू."

टीव्ही परत घरी जागेवर ठेवला आणि आई सोडून सगळे गच्चीवर गेलो. काकांनी अँटेनाच्या दिशेकडे बघितलंसुद्धा नाही. जिथे चपटी वायर अँटेनाला जोडतात, ती प्लॅस्टिकची डबी त्यांनी उघडली. डबीचं झाकण तडकलं होतं. आतले स्क्रू हिरवे पडले होते आणि वायरीची तांब्याची टोकं काळी ठिक्कर झाली होती.

"खाडीची हवा हाय," काका म्हणाले. "आमच्या होडीच्या खिळ्यांना सोडीत नाय, तुमच्या वायरीला काय सोडील?"

बाबा डबीकडे बघत राहिले. "आणि मी नुसता दांडा फिरवत बसलो," ते म्हणाले.

वीतभर वायर कापून बाबांनी नवी टोकं सोलली, काकांनी स्क्रू कानशीने घासून पुन्हा आवळले. मग होडीच्या इंजिनाचं ग्रीस बोटाने चोपडलं आणि सगळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. वायर खिडकीतून आत येते तिथे काकांनी वरूनच ती सैल सोडून तिला खाली झोळ दिला. पावसाचं पाणी तिथूनच गळून जाईल, भोकातून घरात येणार नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी खाली टीव्हीपाशी पळाले, तोवर आईंनी बटण लावलेलं होतं.

"सांग त्यांना," आई म्हणाल्या, "बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीचे काठसुद्धा दिसतायत म्हणावं."

मी गॅलरीत जाऊन शब्दन् शब्द तसाच ओरडून सांगितला. वरून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला.

आईंनी त्या दिवशी काकांना आणि मावशींना पोह्यांसाठी थांबवून घेतलं. मावशी आधी दारातच बसल्या, मग आईंनी हाताला धरून आत पाटावर बसवलं. बोलता बोलता आईंनी विचारलं, इथे चांगली गिरणी कुठे आहे, दळण सरसरीत मिळत नाही. मावशी म्हणाल्या, "मी दावते की. उद्या या माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी डबे घेऊन गेल्या, त्या चांगल्या दोन तासांनी परतल्या. आईंच्या पिशवीत पीठ होतं, कोवळी भेंडी होती आणि येताना वाटेत एक देऊळ लागतं ही बातमी होती.