काळ्या खाडीचं चित्र

दांडी गावच्या होड्यांवर नावं रंगवणारा एक पेंटर माझ्या ओळखीचा आहे. ब्रश लावण्याआधी तो लाकडावरून तळहात फिरवतो, जनावराला गोंजारावं तसा. बोईसरच्या आमच्या कारखान्याच्या भिंतीवर निळी खाडी काढायला मीच त्याला आणलं. त्याने पाणी काळं काढलं आणि त्यावर उताणे तरंगणारे मेलेले मासे.

"असं का काढलंत?" मी विचारलं.

"तुमचं पानी सुटतं तिथं असंच हाय. निळी कुठून आणू?"

साहेबांनी मलाच भिंतीला चुना फासायला लावलं. मी वर चढलो, तेव्हा शिडी त्यानेच धरली.

"लावा. तुमची नोकरी हाय, मला म्हाईत हाय."

तेव्हापासून भेटला की तो ओळखीपुरती मान हलवतो. बोलत मात्र नाही.