पहारीने फोडलेली पेटी

बॅटरीबाईचा समोरचा एक दात नाही. तो भावाने पाडला, कॅनमधलं डिझेल सांडलं म्हणून. कोणी विचारलं तर ती सरळ सांगते. लाजायचं त्याने, हिने का लाजावं? अर्थात तो लाजेल तर शपथ.

मोकळ्या मैदानावर हस्तकलेचे बाजार भरतात, त्यांना जनरेटरने वीज द्यायचा धंदा मूळ या भावाचा, दादाचा. ही आठ वर्षं त्याच्या हाताखाली राबली. डिझेलचे कॅन उचलायचे, तारा अंथरायच्या, दोरी ओढून मशीन चालू करायचं, आणि दादाचं डोकं फिरलं की मार खायचा. त्याचा हात तोंडाआधी चालायचा. एकदा ती मशीन सोडून पाणी प्यायला गेली, तर त्याने तिचा दंड तापलेल्या सायलेन्सरवर दाबून धरला. त्या दिवशी ती जी निघाली, ती परत गेलीच नाही.

तिने बॅटऱ्या भाड्याने द्यायला घेतल्या. आधी शिशाच्या होत्या, उचलताना कंबर मोडायची. दादाने भर बाजारात त्यातल्या चार पहारीने फोडल्या. ॲसिड सांडलं, गवत करपलं, तो मिशीला पीळ देत निघून गेला. "घरचं भांडण आहे," असं म्हणून बघणाऱ्यांनी पाठ फिरवली. लोकांना हे वाक्य फार सोयीचं पडतं.

पण बाईने हाय खाल्ली नाही. तिने लिथियमच्या पेट्या आणल्या. एका हाताने उचलायची, टेबलाखाली सरकवायची, की काचकामवाल्याचे चार दिवे संध्याकाळपर्यंत चालायचे. ना धूर, ना धडधड. विणकरीण म्हणाली, "बाई, आता माझ्या शालींना डिझेलचा वास येत नाही हो." या वर्षी बाजारातल्या एकाही दुकानाने दादाची वीज घेतली नाही. धाकट्या बहिणीने त्याला घरी बसवलं होतं, आणि हे तो मुकाट गिळेल असं ज्याला वाटलं, त्याने दादाला पाहिलेलंच नाही.

तो सकाळीच आला, पहार घेऊन. दुकानं लागत होती, बाई पेट्या वाटायला काढत होती. त्याने तिचे केस धरले आणि डोकं मांडवाच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. तिचं कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं. विणकरीण मध्ये पडली, तिला त्याने कोपराने उडवलं.

"माझ्या पोटावर पाय देतेस?" असं म्हणून तो पेट्यांकडे वळला.

इथे एक सांगायला हवं. शिशाची बॅटरी फोडली तर ॲसिड सांडतं. लिथियमच्या पेटीत लोखंड घुसलं तर ती पेटते, आणि सहजासहजी विझत नाही. दादाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे बॅटरी. बाईला मात्र पुरतं ठाऊक होतं. "दादा, थांब, पेटेल," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याने पहार उचलली. तिने तोंड मिटून घेतलं आणि मनात म्हणाली, मार.

पहार आरपार गेली. फुत्कार सुटला, पांढरा धूर आणि त्याच्या मागोमाग जाळ. दादाची बाही पेटली, मग छाती, मग हनुवटी. तो जमिनीवर लोळत गुरासारखा ओरडू लागला. शेजारच्या दोन पेट्याही भडकल्या. माणसं पळाली. बाई मात्र जाळाकडे धावली, पेट्यांजवळ ठेवलेली वाळूची बादली त्याच्या अंगावर उपडी केली आणि दोन्ही पाय धरून त्याला फरफटत बाहेर ओढलं. तिचे तळहात भाजून सोलून निघाले.

इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला. दादाच्या तोंडापर्यंत पट्ट्या होत्या, बोलणं अवघड होतं, तरी तोच आधी बोलला.

"हिनं मला बजावलं होतं, साहेब. मीच ऐकलं नाही."

जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःची चूक कबूल केली होती, आणि तीही न केलेली. बाईने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"खोटं सांगतोय तो," बाई म्हणाली. "पेटणार हे मला माहीत होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

हवालदाराचं पेन थांबलं. दादाने तिच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं.

"मग मला बाहेर कशाला ओढलंस?"

"तेच कळत नाहीये," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.